‘फिलँथ्रोपिस्ट’च्या शेजारी बसलेला ‘फिलँडरर’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सिन्नरहून रोज एसटीने नाशिकला अभ्यासिकेत येता, तलाठी आणि एमपीएससी गट-क अशा दोन्हींची तयारी चालू आहे, आणि ‘माणसांशी संबंधित इंग्रजी शब्द’ नावाची एक पीडीएफ मित्राकडून हाती लागली आहे. त्यातले शब्द आज पाठ होतात आणि आठवड्याने एकमेकांत मिसळतात. रोज किती शब्द करावेत, शब्दांच्या मुळांत वेळ घालवावा का, आणि आपली स्मरणशक्तीच कमी पडतेय का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच. शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. तुमच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. पानाचा जो फोटो तुम्ही जोडलाय तो पुन्हा बघा. ओळीने चार शब्द आहेत: फिलँडरर, फिलँथ्रोपिस्ट, फिलॅटेलिस्ट, फिलॉलॉजिस्ट. पहिला म्हणजे बायकांच्या मागे लागणारा, कुणाशीच प्रामाणिक नसलेला पुरुष. दुसरा म्हणजे समाजासाठी पदरचे पैसे खर्च करणारा दानशूर. तिसरा टपाल तिकिटं जमवणारा आणि चौथा भाषेचा अभ्यासक. हे चौघे शेजारी बसलेत ते फक्त इंग्रजी वर्णमालेमुळे. शब्द शोधायचा असेल तर तो क्रम सोयीचा. शिकायचा असेल तर त्याच्यासारखा वैताग नाही. चौघांची सुरुवात एकसारखी, शेवट जवळजवळ एकसारखा, आणि एका बैठकीत चारही पाठ केले की मेंदू ‘फिल-काहीतरी-इस्ट’ एवढंच धरून ठेवतो. मग परीक्षेत पर्याय समोर आले की दानशूर कोण आणि लफडेबाज कोण, इथे गाडी अडते.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. किती खोलात जायचं हे तुमच्या परीक्षेवर आणि हातातल्या वेळेवर आहे. 2023च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, सगळे पर्यायी. तिथे शब्द ओळखता आला तरी काम भागतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. पुढे तिकडे वळलात तर तोच शब्द स्वतःच्या निबंधात नेमक्या जागी वापरावा लागेल, आणि ओळखणं आणि वापरणं यांत बरंच अंतर आहे. एसएससी (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) किंवा बँकेकडे गेलात तर एका शब्दात सांगा छापाचे प्रश्न जास्त. मी पुढे जे लिहितेय ते हातात निदान तीनेक महिने असलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला धरून. ज्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे त्याच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

आता खरा मुद्दा. आपण मराठीत ‘माणूस’ म्हटलं की त्यात बरंच काही येतं. घरची माणसं, माणसांची गर्दी, ‘तो माणूस आहे’ म्हणताना अपेक्षित असलेला चांगुलपणा, आणि गावाकडे ‘आमची माणसं’ म्हणजे कामाला लावलेली मजूर मंडळीसुद्धा. इंग्रजी यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द देते. म्हणून मी वर्गात प्रत्येक नव्या शब्दाला एकच प्रश्न विचारायला लावते: यातला माणूस कुठला? प्राण्यांपासून वेगळा असलेला माणूस, कायद्यासमोर उभा असलेला एकटा माणूस, गर्दीतला माणूस, पुरुष किंवा बाई म्हणून माणूस, की मनाने मोठा माणूस? हे कप्पे मनात पाडून घेतले की शब्द आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि वर्णमालेने शेजारी आणलेले शब्द आपोआप लांब जातात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो त्या जोडीपासून सुरू करते: ‘ह्यूमन’ आणि ‘ह्यूमेन’. लिहिताना फरक शेवटच्या एका ‘ई’चा. बोलताना पहिल्यात जोर ‘ह्यू’वर, दुसऱ्यात ‘मेन’वर. अठराव्या शतकापर्यंत हा एकच शब्द होता, नंतर दोघांनी संसार वेगळे थाटले. ‘ह्यूमन’ म्हणजे माणसाचा, माणसाशी संबंधित. त्यात चांगलं-वाईट काही नाही. ह्यूमन एरर, ह्यूमन राइट्स, ह्यूमन रिसोर्स. ‘ह्यूमेन’ म्हणजे दयाळू, कनवाळू. गंमत अशी की ‘ह्यूमेन’ हा शब्द प्राण्यांच्या बाबतीतच जास्त भेटतो. भटक्या कुत्र्यांना कसं वागवावं, कत्तलखान्यात जनावरांचे हाल होऊ नयेत, अशा बातम्यांत तो हमखास असतो. त्यामुळे काळाराम मंदिर सत्याग्रहावर परिच्छेद लिहायला दिला की कुणीतरी ‘ह्यूमेन राइट्स’ लिहितं, आणि 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या त्या लढ्याचा अर्थच पातळ होतो. तिथे माणूस म्हणून असलेला हक्क मागितला होता, कुणाची दया मागितली नव्हती. शब्द ‘ह्यूमन राइट्स’च.

याच घरातले आणखी तीन शब्द: ह्यूमॅनिटी, ह्यूमॅनिझम, ह्यूमॅनिटेरियन. ह्यूमॅनिटी म्हणजे सगळी मानवजात, आणि माणुसकीसुद्धा, वाक्यावरून कळतं. तोच शब्द अनेकवचनी झाला, ह्यूमॅनिटीज, की अर्थ होतो इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांसारखे विषय, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या भाषेत मानव्यविद्या. ह्यूमॅनिझम ही विचारसरणी. मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद आठवा, मग विसरणार नाही. ह्यूमॅनिटेरियन मदतीशी जोडलेला आहे: पूर, भूकंप, युद्ध, निर्वासितांच्या छावण्या. वर्तमानपत्रात ‘ह्यूमॅनिटेरियन क्रायसिस’ लिहिलेलं असतं तेव्हा संकट काही दयाळू नसतं, लोकांना तातडीने मदत लागण्याजोगी परिस्थिती असते. शब्दाचा सुटा अर्थ लावत बसलात तर इथे फसाल. म्हणून मी मुलांना शब्द कधीच एकटा लिहू देत नाही, त्याच्यापुढे येणाऱ्या शब्दासकट लिहायला लावते.

‘मॅन’ आणि ‘ह्यूमन बीइंग’ यांतला फरक शिकवायला माझ्याकडे एक हक्काची गोष्ट आहे, आणि ती सामान्य ज्ञानातही कामाला येते. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 रोजी स्वीकारला गेला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सगळे ‘मेन’ स्वतंत्र आणि समान जन्माला येतात, असं होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली आणि तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. त्या काळी ‘मेन’मध्ये बायका धरलेल्याच आहेत, असं म्हणणारे होतेच. जुन्या इंग्रजीच्या हिशोबाने ते अगदीच खोटंही नव्हतं: मुळात ‘मॅन’ म्हणजे कुठलाही माणूस, पुरुषासाठी वेगळा ‘वेर’ होता आणि बाईसाठी ‘वीफ’. ‘वीफमन’चं झालं ‘वुमन’, ‘वीफ’चं झालं ‘वाइफ’. पुरुषाचा ‘वेर’ मात्र ‘वेअरवुल्फ’मध्ये, म्हणजे गोष्टीतल्या माणूस-लांडग्यात, आणि ओळखू न येणाऱ्या रूपात ‘वर्ल्ड’मध्ये शिल्लक राहिला. पण कायदा वाचणारा माणूस व्युत्पत्ती बघत नाही. मेहतांचा आग्रह योग्य होता, आणि आजही निबंधात ‘मॅनकाइंड’ऐवजी ‘ह्यूमनकाइंड’ लिहिलं तर बिघडत काही नाही.

‘पर्सन’ हा कप्पा तुमच्यासारख्यांसाठी सोन्याचा आहे, कारण तो राज्यघटनेत आहे आणि घटना तुम्ही नाहीतरी वाचताच. कलम 14 आणि कलम 21 यांत ‘पर्सन’ आहे. कलम 16 आणि 19 यांत ‘सिटिझन’ आहे. कायद्यापुढे समानता आणि जीविताचा हक्क भारतात असलेल्या कुठल्याही व्यक्तीला आहे, मग ती परदेशी असली तरी. भाषणस्वातंत्र्य आणि सरकारी नोकरीतली समान संधी नागरिकाला. आणि उद्देशिकेची सुरुवात ना पर्सनने ना सिटिझनने, तिथे ‘वुई, द पीपल’. तीन शब्द, तिघांचा माणूस वेगळा: कायद्यासमोरची व्यक्ती, देशाचा नागरिक, आणि एकत्र मिळून सत्ता हाती घेणारी जनता. पॉलिटीच्या पेपरमधला गुण आणि इंग्रजीतला गुण एकाच वाचनात. ‘पर्सन’चं अनेकवचन रोजच्या बोलण्यात ‘पीपल’. ‘पर्सन्स’ कायद्यात आणि पाट्यांवर, जसं लिफ्टमध्ये ‘8 पर्सन्स’ लिहिलेलं असतं. ‘पीपल्स’ असं आणखी एक अनेकवचन भेटेल. तिथे अर्थ एकाहून जास्त समाज किंवा राष्ट्रं. ‘पर्सनल’ आणि ‘पर्सोनेल’ यांत घोटाळा होत असेल तर त्र्यंबक रोडची पोलीस अकादमी आठवा: तिथले सगळे ‘पोलीस पर्सोनेल’, म्हणजे दलातली माणसं. जोर शेवटच्या ‘नेल’वर.

आता मुळांचा प्रश्न. शिकावीत का? हो, पण पीडीएफमध्ये देतात तशी ग्रीक-लॅटिनची वेगळी यादी पाठ करून नाही. ती म्हणजे एका यादीवर दुसरी यादी. मराठी मुलांकडे एक फायदा आहे जो इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सहसा सांगावा लागतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे माणसाची बरीच मुळं आपल्या घरातच आहेत. लॅटिन ‘व्हिर’ म्हणजे पुरुष, तोच आपला ‘वीर’. त्यातून ‘व्हिराइल’ आला आणि ‘व्हर्च्यू’ही, जो आधी मर्दपणाचा गुण होता आणि मग सद्गुण झाला. ‘व्हायरस’ मात्र या घरातला नाही. तो आपल्या ‘विष’चा भाऊ. ग्रीक ‘अनेर’ म्हणजे पुरुष, त्यात ‘नर’ सरळ ऐकू येतो. जोडशब्दांत तो ‘अँड्र’ होतो. अँड्रॉइड म्हणजे नरासारखा दिसणारा, पॉलिअँड्री म्हणजे द्रौपदीसारखं बहुपतित्व. ग्रीक ‘गिने’ म्हणजे स्त्री, संस्कृतातला ‘जनि’. त्यातून गायनॅकॉलॉजिस्ट आणि पॉलिजिनी. ‘गेनोस’ म्हणजे कूळ, आपला ‘जन’. 1944 साली राफाएल लेमकिन या पोलिश कायदेपंडिताने ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला तो याच ‘गेनोस’ला लॅटिनमधलं मारण्याचं शेपूट जोडून. ‘गेरोन’ म्हणजे म्हातारा, आपली ‘जरा’. म्हणून जेरियाट्रिक्स म्हणजे वृद्धांचं वैद्यक.

सगळ्यात मोठा सापळा ‘होमो’चा. ‘होमो सेपियन्स’ हे नाव लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1758 साली दिलं, त्यातला ‘होमो’ लॅटिन, अर्थ माणूस. ‘होमोजीनियस’मधला ‘होमो’ ग्रीक, अर्थ सारखा, आणि तो आपला ‘सम’. नुसती दिसण्यातली जुळी. लॅटिन ‘होमो’चं नातं ‘ह्यूमस’शी म्हणजे मातीशी आहे, मातीतून आलेला तो माणूस. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला ह्यूमिक ॲसिड सांगावं लागत नाही, ड्रिपमधून तो ते सोडतच असतो. त्याच मातीतून ‘हम्बल’, म्हणजे जमिनीलगत राहणारा, नम्र, आणि ‘एक्झ्यूम’, पुरलेलं बाहेर काढणं. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे शब्द एकदाच सांगावे लागतात.

‘अँथ्रोपॉस’ला मात्र मराठीत नातेवाईक नाही, तो सरळ पाठच करावा लागतो: माणूस, मानवजात. त्यात तुमच्या कामाचे शब्द तीन. अँथ्रोपॉलॉजिस्ट म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे डोळ्यासमोर आणा. फिलँथ्रोपिस्ट म्हटलं की जमशेटजी टाटा. मिसँथ्रोप म्हणजे माणसांचा तिटकारा असलेला, माणूसघाणा. यातला ‘मिस’ हा मिस्टेक किंवा मिसयूजमधला ‘मिस’ नाही. तो ग्रीक आहे, अर्थ द्वेष. तोच मिसॉजिनिस्टमध्ये, म्हणजे स्त्रीद्वेष्ट्यात. चौथा शब्द चालू घडामोडींसाठी: अँथ्रोपोसीन, मानवाने पृथ्वीवर ठसा उमटवलेला काळ. वातावरणशास्त्रज्ञ पॉल क्रुत्झन यांनी 2000 साली तो चर्चेत आणला. अधिकृत भूवैज्ञानिक कालखंड म्हणून मान्यता देण्याचा प्रस्ताव मार्च 2024 मध्ये फेटाळला गेला. आणि तुमच्या फोटोतला ‘फिलँडरर’? त्यात अँथ्रोपॉस नाहीच, ‘अँड्र’ आहे, म्हणजे नर. मुळात ‘पुरुषांवर प्रेम करणारी’ अशा अर्थाचा शब्द. पुढे कथा-कवितांत प्रियकराचं नाव म्हणून वापरला गेला आणि शेवटी उंडगेपणा करणाऱ्या पुरुषाला चिकटला. फिलँथ्रोपिस्टपासून तो कुठे फुटतो हे एकदा दिसलं की दोघे परत मिसळत नाहीत.

एक काम आजच करा. गंगापूर रोडने एकदा चालत जा आणि दवाखान्यांच्या पाट्या वाचा. पीडिॲट्रिशियन, गायनॅकॉलॉजिस्ट, ऑर्थोपेडिक सर्जन. ‘ऑर्थोपेडिक’ म्हणजे आपल्या लेखी हाडांचा डॉक्टर, पण शब्दात हाड कुठेच नाही. ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ आणि ‘पेड’ म्हणजे मूल. 1741 साली निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने मुलांच्या शरीरातली व्यंगं सरळ करण्याच्या विद्येसाठी हा शब्द बनवला, नंतर तो सगळ्या वयांच्या हाडांना लागू झाला. तोच ‘पेड’ पीडिॲट्रिशियनमध्ये, आणि पेडॅगॉगीत म्हणजे अध्यापनशास्त्रात. जुन्या ग्रीसमध्ये मुलाला शाळेत नेणाऱ्या-आणणाऱ्या गुलामाला त्याच नावाने ओळखत; आम्हा शिक्षकांचा मूळ हुद्दा हा असा. मात्र पाटीवरून नजर खाली आणली की फूटपाथवरचा ‘पेडेस्ट्रियन’ येतो आणि तिथला ‘पेड’ लॅटिन, आपला ‘पद’, पाऊल. पेडल, पेडिक्युअर, पेडेस्टल ही सगळी पावलं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पीडिॲट्रिशियन आणि ऑर्थोपेडिकमधल्या, म्हणजे मुलाच्या ‘पेड’ला ‘ए’ आणि ‘ई’ दोन्ही असतात, पावलाच्या ‘पेड’ला नुसती ‘ई’. अमेरिकन स्पेलिंगने तीही खूण पुसून टाकली.

गर्दीतल्या माणसाचा कप्पा नाशिककराला शिकवायला लागू नये. 2027च्या सिंहस्थाची कामं चाललीच आहेत, आणि इंग्रजी बातम्यांत रोज या कप्प्यातले शब्द पडतायत. ते वाचताना बघा, प्रत्येक शब्द गर्दीबद्दल एक मत देतो. ‘क्राउड’ म्हणजे नुसती गर्दी. ‘थ्राँग’ म्हणजे दाटी, पण उत्साहाची. पर्वणीला रामकुंडावर भाविकांची ‘थ्राँग’ असते. ‘मॉब’ म्हणजे हाताबाहेर गेलेला जमाव. लॅटिनमधल्या ‘चंचल जनता’ अशा अर्थाच्या शब्दांचं हे तोडकं रूप. रामकुंडावरच्या वैष्णव आखाड्यांच्या किंवा त्र्यंबकच्या शैव आखाड्यांच्या स्नानाला ‘मॉब’ लिहिलंत तर तपासणारा दचकेल. ‘काँग्रिगेशन’ म्हणजे धार्मिक कारणाने जमलेले लोक. त्यात ‘ग्रेग’ आहे, म्हणजे कळप. तोच ‘ग्रेगेरियस’मध्ये, ज्याला माणसांत राहायला आवडतं असा, आपल्या बोलीत माणसांतला माणूस. एका शब्दात सांगा या प्रश्नात हा फार आवडीचा शब्द आहे. ‘ऑडियन्स’ ऐकायला आलेली, ‘स्पेक्टेटर्स’ बघायला आलेले. कीर्तनाला पहिला, कुस्तीला दुसरा. ‘पिल्ग्रिम’ यात्रेकरू, ‘डिव्होटी’ भाविक, ‘असेटिक’ तपस्वी. इंग्रजी पेपर साधूंना ‘सीअर्स’ लिहितात, ते ऐकू येतं ‘सिअर्स’ आणि मुलं ‘सीनियर्स’ समजतात. 2003च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी झाली तेव्हा ‘स्टॅम्पीड’ हा शब्द सगळीकडे होता. तो मूळचा उधळलेल्या गुराढोरांचा. गर्दीचा अभ्यास करणारी मंडळी आता ‘क्राउड क्रश’ म्हणणं पसंत करतात, कारण बहुतेक वेळा माणसं उधळलेली नसतात, त्यांना हलायलाच जागा नसते. उत्तरपत्रिकेत दोन्ही चालतील. मला स्वतःला दुसरा जास्त न्याय्य वाटतो.

याच कप्प्यातली एक जोडी नेहमी चुकते: ‘पॉप्युलर’ आणि ‘पॉप्युलस’. 2011च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजारांच्या घरात होती, म्हणून नाशिक ‘पॉप्युलस’. इथली मिसळ ‘पॉप्युलर’. ‘पॉप्युलेस’ म्हणजे सामान्य जनता, हे नाम. ग्रीककडून येणारा ‘डेमॉस’ही जनताच: डेमॉक्रसी, डेमॉग्रफी, आणि लोकांना भडकावणारा डेमॅगॉग. ‘एपिडेमिक’ म्हणजे लोकांवर येऊन पडलेलं, ‘पॅन्डेमिक’ सगळ्या लोकांवर, ‘एन्डेमिक’ एका भागातल्या लोकांत मुरलेलं. कोरोनानंतर हे समजावून सांगायची गरज उरली नाही.

मारण्याचे शब्द भराभर सांगते, कारण त्यांत फारसं अवघड काही नाही. ‘साइड’ हे शेपूट म्हणजे मारणं, पुढचा भाग कुणाला ते सांगतो: पॅट्रिसाइड बाप, मॅट्रिसाइड आई, फ्रॅट्रिसाइड भाऊ, इन्फँटिसाइड बालक, रेजिसाइड राजा. ‘होमिसाइड’ म्हणजे मनुष्यवध, प्रत्येक होमिसाइड ‘मर्डर’ नसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 100 सदोष मनुष्यवधाचं आणि 101 खुनाचं. पीएसआयचा विचार असेल तर हे इंग्रजीपुरतं ठेवू नका.

पीडीएफमधल्या काही शब्दांवर मात्र फुली मारा. जुन्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतलेले ‘मिसॉगॅमिस्ट’ (लग्नाचा तिटकारा असलेला) आणि ‘अक्सोरियस’ यांसारखे शब्द एखाद्या प्रश्नापलीकडे कुठे भेटणार नाहीत. ‘अक्सोरियस’ म्हणजे बायकोवर अति जीव टाकणारा. ताटाखालचं मांजर म्हणजे ‘हेनपेक्ड’, ते वेगळं. ‘स्पिन्स्टर’, म्हणजे अविवाहित बाई, पर्यायांत आलं तर उत्तर म्हणून खूण करा, पण स्वतःच्या लिखाणात वापरू नका, त्यात आता हिणवणं आलंय. ‘हँडिकॅप्ड’चंही तेच. 2016च्या कायद्यात ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’ आहे, 2019च्या कायद्यात ‘ट्रान्सजेंडर पर्सन्स’. दोन्हीकडे माणूस हा शब्द राखलाय. नुसतं ‘अ ट्रान्सजेंडर’ असं लिहू नये. ते विशेषण आहे, नाम नव्हे.

आता रोज किती शब्द? माझ्या अनुभवात नवे तीन-चार पुरतात, अट एवढीच की दिसायला सारखे दोन शब्द एकाच आठवड्यात घ्यायचे नाहीत. या आठवड्यात ‘ह्यूमन’ घेतलात तर ‘ह्यूमेन’ पुढच्या. पहिला वाक्यात रुळला की मगच दुसऱ्याला आणायचं आणि तेव्हा दोघांची तुलना करायची. वहीचं पान असं करा: वर शब्द, त्याच्याखाली यातला माणूस कुठला ते दोन-तीन मराठी शब्दांत, मग त्याच्यासोबत नेहमी येणारा शब्द, आणि खाली तुमच्या ओळखीच्या जगातलं एक वाक्य. सिन्नरच्या एमआयडीसीतल्या कामगारांवर, अभ्यासिकेतल्या पोरांवर, कुणावरही. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका. दुसऱ्याचं वाक्य लक्षात राहत नाही. रविवारी वाक्यातला तो शब्द झाकून परत भरा. जो अडला त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या. येता-जाता एसटीत वही काढायला जागा मिळत नसेल तर वाक्यं मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐका. जोर कुठे आहे तेही त्यात पक्कं होतं.

आणि ज्यांची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे त्यांनी यातलं काही करू नये. मुळं नकोत, कप्पे नकोत, नवी पीडीएफ तर मुळीच नको. आपल्याच परीक्षेच्या मागच्या प्रश्नपत्रिका काढा, त्यांतल्या शब्दांच्या प्रश्नांचे चारही पर्याय तपासा, फक्त बरोबर उत्तर नाही. मागचा चुकीचा पर्याय पुढच्या वर्षी उत्तर होऊन येतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. तुम्हाला वेळ आहे, तेव्हा फोटोतल्या पानावरचा ‘फिलँथ्रोपिस्ट’ उद्या घ्या. ‘फिलँडरर’ पुढच्या महिन्यात, आणि ‘फिलॅटेलिस्ट’ नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसवरून जाल त्या दिवशी. टपाल तिकिटं तिथे छापतात.